नकाशावरचा माझा ठिपका

माझी सून केतकी माझ्यावर एकाच बाबतीत मनापासून चिडते. मी अनोळखी नंबरचे फोन उचलते. सगळे. गाडीची वॉरंटी संपली, छपरावर सोलर पॅनल बसवून घ्या, तुमच्या नावाचं पार्सल अडकलंय, एकही सोडत नाही. मागच्या महिन्यात अ‍ॅशबर्नला एकांकडे सत्यनारायण होता. आरतीला मी उभी होते, तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. हातातली घंटा शेजारच्या काकूंच्या हातात कोंबून मी अंगणात पळाले. फोन विमा विकणाऱ्याचा होता. त्याचं सगळं ऐकून घेतलं, नको म्हणाले आणि आत आले तर प्रसाद वाटून झाला होता.

"आई, फोन स्वतः लिहून दाखवतोय की हा स्पॅम आहे. तरी का उचलता?" केतकीने गाडीत विचारलं.

"सवय आहे," मी म्हटलं.

सवय नाही. उलट एके काळी तीन वर्षं मी अनोळखी फोन कापण्यात पटाईत होते. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक गेली तीन वर्षं मागे लागलेत, "शुभदाताई, वादळांवर लिहा, थरारक होऊ द्या." दर वेळी मी कागद पुढे ओढते, दोन ओळी लिहिते, उठून स्वयंपाकघरात फेरी मारते आणि परत बसतच नाही. थरार मला लिहिता येत नाही. पण फोनबद्दल लिहिता येईल असं वाटतंय, म्हणून या वर्षी बसले आहे.

मी मूळची अकोल्याची. हवामानशास्त्र शिकायला इकडे स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात आले, पुढच्या नोकऱ्या बायोडेटात आहेत, त्या इथे नकोत. कामाचं एवढंच सांगते. वर्षातले साडेदहा महिने मी अ‍ॅशबर्नमध्ये संगणकापुढे बसून आकडेमोड करत असे आणि उरलेले सहा आठवडे, एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, एका संशोधन प्रकल्पासाठी कॅन्सस-ओक्लाहोमाच्या सपाटीवर वादळांमागे फिरत असे. आमच्या गाडीच्या टपावर वारा, तापमान, दाब मोजणारी यंत्रं लावलेली होती. गावागावातल्या मुलांना ती आइस्क्रीमची गाडी वाटायची आणि ती आमच्याकडे धावत यायची. गाडी वॉल्ट चालवत असे. वॉल्ट कॅन्ससचाच, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, बोलण्यात कमालीचा कंजूष. मी त्याच्या शेजारी बसून रडार बघायची आणि डावीकडे, उजवीकडे, थांब, पळ, असं सांगायची. घरी हेच काम मी केलं की सुधीर, म्हणजे माझा नवरा, त्याला कटकट म्हणतो. तिथे त्याला नॅव्हिगेशन म्हणत.

लोकांना वाटतं, वादळाचा पाठलाग म्हणजे सतत धावाधाव. खरं तर बहुतेक वेळ पेट्रोल पंपावर उभं राहून, वेफर्स खात, आकाशाकडे बघण्यात जातो. दुपारी चारपर्यंत काही नसतं. मग पश्चिमेला एक ढग फुलकोबीसारखा वर चढायला लागतो आणि त्यानंतरचे तीन तास जीव थाऱ्यावर राहत नाही. त्या प्रदेशात वादळ साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जातं. आपण त्याच्या दक्षिणेला राहायचं. तिथून टोर्नेडो, म्हणजे जमिनीला टेकलेला तो भोवरा, स्वच्छ दिसतो आणि पळायला रस्ताही मोकळा असतो. उत्तरेला गारा आणि धो धो पाऊस. चुकून उत्तरेला असलो तर वादळाच्या तोंडापुढून रस्ता ओलांडून दक्षिणेला यायचं. रेल्वेचं फाटक ओलांडावं तसं आहे ते. गाडी लांब असताना ओलांडलं तर काही नाही. शिट्टी ऐकू आल्यावर ओलांडायचं नाही.

हे फाटक कधी ओलांडायचं ते सांगणं हेच माझं काम होतं. त्या बाबतीत मी कधी चुकले नाही. हे मी अभिमानाने सांगत असे.

आता ठिपक्याबद्दल. वादळामागे जाणाऱ्या लोकांचा एक नकाशा असतो. प्रशिक्षण घेतलेला प्रत्येक जण आपल्या फोनवरून आपली जागा त्यावर पाठवत राहतो आणि नकाशावर आपला एक ठिपका सरकत राहतो. ठिपक्यावर बोट ठेवलं की नाव आणि फोन नंबर दिसतो. हेतू चांगला. हवामान कार्यालयातल्या माणसाला रडारवर ढगाच्या पोटात काहीतरी फिरताना दिसतं, पण ते जमिनीला टेकलंय का हे दिसत नाही. मग तो जवळचा ठिपका बघतो आणि फोन लावतो, "बाई, तुम्हाला काय दिसतंय?" आपण सांगितलं की त्यावरून गावाला इशारा जातो, भोंगा वाजतो. या दोन वाक्यांच्या फोनने माणसं वाचतात.

पण नकाशा सगळ्यांना खुला. जे हवामान कार्यालयाला दिसतं तेच टीव्हीवाल्यांना दिसतं. आणि तिथून सुरू झाली आमची पीडा.

पाच मिनिटांत सात फोन हे नेहमीचं. माझा फोन म्हणजेच माझं रडार. तो समोर अडकवलेला असायचा. त्या माळावर नेटवर्क आधीच अर्धमेलं, त्यात फोन वाजला की रडारचं चित्र जागच्या जागी थिजून बसायचं आणि त्याच्यावर कुठल्यातरी चॅनेलचा नंबर नाचायचा. समोर ढग फिरतोय, डावीकडे वळायचं की नाही ते दहा सेकंदांत ठरवायचंय आणि कानात एक गोड आवाज, "हाय, तुम्ही आत्ता वादळात आहात का?" एकदा एका बाईंनी विचारलं, "आमचा ब्रेक चाललाय. तीन मिनिटं तिथेच थांबाल का?" मी म्हटलं, "मी थांबेन हो, वादळाला विचारून सांगते." स्टुडिओत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

भारतातलेही मागे नव्हते. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे सकाळचे सहा. आमचं वादळ ऐन रंगात यायला आणि त्यांच्या सकाळच्या बातम्या सुरू व्हायला एकच गाठ. एका मराठी चॅनेलच्या मुलाने माझा नंबर मिळवला.

"ताई, दोन मिनिटं लाइव्ह. कॅमेरा वादळाकडे धरा आणि फक्त सांगा, महाराष्ट्राच्या लेकीला कसं वाटतंय?"

"भूक लागलीय," मी म्हटलं आणि फोन ठेवला. खरंच लागली होती. तासाभराने अकोल्याहून मावशीचा रडत फोन, "अगं, टीव्हीवर दाखवतायत, तू वादळात अडकलीस आणि दोन दिवस उपाशी आहेस!" दोन दिवस हा त्यांचा स्वतःचा शोध.

हसण्यावारी नेत होते तोवर ठीक होतं. एका वर्षी मात्र एक जण माझ्या ठिपक्याच्या मागून थेट आमच्या मोटेलवर आला. आदल्या दिवशीच्या टोर्नेडोच्या सगळ्यात जवळ मी होते, म्हणून त्याला मीच हवी होते. सकाळी सहाला मी दात घासत, गाउनवर वॉल्टचं जॅकेट घालून गाडीतली पिशवी घ्यायला बाहेर आले, तर समोर कॅमेरा. "कालच्या मृत्यूंबद्दल काय वाटतं?" तोंडात पेस्ट. मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. रडायला मात्र आलं, कारण आदल्या दिवशी खरोखरच माणसं गेली होती आणि त्याबद्दल मी स्वतःशीसुद्धा अजून बोलले नव्हते.

तेवढ्यात मोटेलची मालकीण हातात धुवायच्या चादरींची टोपली घेऊन बाहेर आली आणि त्याच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. "ये मेरी गेस्ट है," ती त्याला हिंदीतच म्हणाली. मग इंग्रजीत, "टी यू वाँट, कम इनसाइड. फोटो यू वाँट, गो टू रोड."

तो गेला. ही हंसाबेन.

सपाटीवरच्या त्या छोट्या गावांत मोटेल बहुधा गुजराती माणसाचं असतं, हे तिथे फिरणाऱ्या प्रत्येक देशी माणसाला माहीत आहे. रिसेप्शनला चावी घेताना मागच्या खोलीतून मोहरीच्या फोडणीचा वास आला की माझा निम्मा शिणवटा जायचा. हंसाबेन आणि कांतिभाईंचं मोटेल वीस खोल्यांचं. कांतिभाई नळ दुरुस्त करत, हिशेब बघत आणि दिवसभर टीव्हीवर हवामान लावून बसत. त्यांचा टीव्हीवर आणि माझ्यावर सारखाच विश्वास. "बेन को सब मालूम है," ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. मी मानेने नको नको म्हणायची, पण आतून गुदगुल्या व्हायच्या, हे कबूल करते.

त्या सकाळी चहा पिताना हंसाबेन म्हणाली, "बेन, हमारे यहां तलघर नहीं है. आंधी आवे तो कहां जाने का?"

मी सगळं मोटेल फिरून पाहिलं. मधोमध लॉन्ड्रीची खोली होती. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, एकही खिडकी नाही. "इथे यायचं. गाद्या अंगावर घ्यायच्या आणि बसायचं. गाडी काढायची नाही. काही झालं तरी गाडी काढायची नाही," मी दोघांना दोनदा सांगितलं. "आणि शंका आली तर मला फोन करा. कधीही." मोटेलच्या कार्डामागे मी माझा नंबर लिहून दिला. तिने तो काउंटरच्या काचेखाली लक्ष्मीच्या फोटोशेजारी सरकवला.

तिचा नंबर मी घेतला नाही. मोटेल मी अ‍ॅपवरून बुक करत असे. कशाला लागणार होता?

त्या प्रसंगानंतर मी कानाला खडा लावला. वॉल्ट म्हणाला, "ठिपका बंद कर." त्याच्या मानाने हे भाषणच होतं. मी ऐकलं नाही. ठिपका बंद केला तर हवामान कार्यालयाला आम्ही दिसणार नाही. शिवाय इकडे अ‍ॅशबर्नमध्ये सुधीर ऑफिसातून तोच ठिपका बघत बसायचा. ठिपका हलतोय म्हणजे बायको ठीक आहे, एवढी त्याची समजूत. मी दुसरा मार्ग काढला. सपाटीवरच्या सगळ्या हवामान कार्यालयांचे नंबर फोनमध्ये घातले, घरचे होतेच, आणि नियम केला. नाव दिसलं तर उचलायचा, नुसता नंबर दिसला तर कापायचा. अनोळखी म्हणजे मीडिया. आणि फोन कापल्यावर ऐकू येणारा संदेश मी मुद्दाम नवा रेकॉर्ड केला, "मी कामावर आहे. तुम्ही मीडियातून बोलत असाल तर कृपया फोन करू नका. तुमचा फोन कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. आमच्या क्षेत्रातल्या चार लोकांनी उचललं, परिषदेत एकाने वाचूनही दाखवलं. तीन वर्षं तो नियम बिनचूक चालला.

त्या दिवशी आम्ही दुपारी हंसाबेनच्याच गावात पेट्रोल भरलं. मोटेल समोरच्या बाजूला. ती दारात उभी राहून हाताने कपाची खूण करत होती. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. वॉल्टने दोनदा हॉर्न वाजवला आणि आम्ही निघालो.

साडेसहाच्या सुमाराला वादळ गावाच्या पश्चिमेला होतं आणि आम्ही उत्तरेच्या बाजूला अडकलो होतो. फाटक ओलांडायची वेळ. मी हिशेब केला. गावातून दक्षिणेला जाणारा एकच डांबरी रस्ता. आत्ता निघालो तर वादळाच्या पुढून आरामात पार. दहा मिनिटांनी निघालो तर नाही. रडारचं चित्र चार-पाच मिनिटं शिळं असतं, तेही मी मोजलं होतं.

"साउथ?" वॉल्टने विचारलं.

"साउथ. आत्ता."

आम्ही गावातून, मोटेलवरून, दक्षिणेला सुटलो. फोन वाजायला लागला. नंबर. कापला. नंबर. कापला. सगळे चॅनेल आमचे ठिपके दाखवत होते आणि माझा सगळ्यांत पुढे. पश्चिमेचं आकाश हिरवट झालं होतं. मी वाऱ्याचे आकडे बघत होते आणि अंगठ्याने फोन कापत होते, पानावरची माशी हाकलावी तसा. सहा बावन्नला एक नंबर आला, तो कापला. सहा चोपन्नला तोच परत आला, तोही कापला. या वेळा मला तेव्हा माहीत नव्हत्या. फोनने त्या लिहून ठेवल्या आहेत.

सहा अठ्ठावन्नला हवामान कार्यालयाचं नाव झळकलं. उचलला. "टेकलाय," मी सांगितलं, "गावाच्या दोन मैल दक्षिणेला, पूर्वेकडे जातोय. गाव वाचेल." तो टोर्नेडो आम्ही नुकत्याच ओलांडलेल्या रस्त्यावरून गेला. आमच्या यंत्रांना असे आकडे मिळाले की प्रकल्पाला पुढे दोन वर्षं पुरले. भोवरा विरल्यावर वॉल्टने, त्या मुखदुर्बळ माणसाने, माझ्या हातावर टाळी दिली. मी हसत होते. ते हसू आठवलं की आजही मी बसल्या जागेवरून उठते.

दक्षिणेचा रस्ता बंद झाला होता, म्हणून आम्ही फेरा मारून उत्तरेकडून गावात आलो. गावाचं एक पानसुद्धा हललं नव्हतं. मोटेलची पाटी लख्ख पेटलेली. "थांबू," मी वॉल्टला म्हटलं, "चहा राहिलाय."

रिसेप्शनचं दार सताड उघडं. काउंटरवर कुणी नाही. मी हाक मारली. मागून लॉन्ड्रीचं दार उघडलं आणि पवनचक्क्या दुरुस्त करणारा एक तरुण गिऱ्हाईक डोक्यावर उशी धरून बाहेर आला, त्याच्या मागे एक म्हातारं जोडपं. हंसाबेनने त्या तिघांना तिथे गाद्या देऊन बसवलं होतं. अगदी मी सांगितलं होतं तसं.

"आणि ते दोघं?" मी विचारलं.

"ते गाडी घेऊन गेले. दक्षिणेला. टीव्हीवर बघून म्हणाले, आमची बाई तिकडे गेलीय."

टीव्ही चालूच होता. त्यावर तोच नकाशा, तेच ठिपके आणि त्या गावावर एक ठिपका, शेजारी माझं नाव. मी त्यांच्या काउंटरपाशी उभी राहून टीव्हीवर स्वतःला त्यांच्या काउंटरपाशी उभी असलेली बघत होते. हाताखाली काच होती, काचेखाली माझा नंबर.

मग मी फोनमधले निरोप ऐकले. नऊ होते. आठ चॅनेलवाल्यांचे. नववा असा होता:

"शुभदाबेन, हंसा बोल रही हूं, मोटेल से. टीवी पे आपका नाम दिखता है, आप साउथ जा रहे हो. कांतिभाई बोलते हैं, बेन जिधर जाती है उधर ही जाने का, उनको मालूम है. मेरा मन तो लॉन्ड्री में बैठने का है. आप बोलो, आपके पीछे आवें के बैठें? आप बोलो वैसा करेंगे." मागून कांतिभाईंचा चाव्यांचा जुडगा वाजल्याचा आवाज. "आप काम में हो. सॉरी, हां."

मी गेले तेव्हा फाटक उघडं होतं. माझ्यामागून येणाऱ्यासाठी ते बंद झालं होतं. हे नकाशावरच्या ठिपक्याला सांगता येत नाही. ठिपका फक्त कुठे आहे ते दाखवतो. तिथे जायला किती वेळ उरलाय ते सांगायला माणूस लागतो, आणि माणूस फोन कापत होता.

त्यांची गाडी रस्त्यापासून लांब शेतात सापडली. हंसाबेन जिवंत होती, खांदा आणि बरगड्या मोडलेल्या. कांतिभाई जागीच गेले होते.

तिचा मुलगा न्यू जर्सीहून पोहोचेपर्यंत मी इस्पितळात बसून होते. बसून म्हणजे काय, त्या कॉरिडॉरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होते. तिचा फोन माझ्याकडे होता आणि आता तोही वाजत होता. तिचे फोन मी उचलून सांगत होते, बाई बोलणार नाहीत, त्यांना एकटं सोडा. माझ्या फोनवर एक वार्ताहर आला. आवाजाने वयस्क, सभ्य होता. म्हणाला, "मोटेलच्या एका पाहुण्याकडून कळलं की ते जोडपं कुणाच्या तरी ठिपक्यामागे गेलं होतं. कुणाच्या, ते तुम्हाला माहीत आहे?"

तो चुकीचं काही विचारत नव्हता. इतक्या वर्षांत मला आलेला तो सगळ्यांत योग्य प्रश्न होता.

"राँग नंबर," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या खाजगीपणाबद्दल परिषदांमधून तावातावाने बोलणारी मी, त्या दिवशी त्याच खाजगीपणाच्या पदराआड लपले. हे मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहिते आहे. हंसाबेनला विचारून लिहिते आहे.

तिला मी चौथ्या दिवशी सांगितलं. तिचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी पलंगाची कड धरली. "हंसाबेन, तुमचा फोन मी कापला. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून. दोनदा."

"मालूम है," ती म्हणाली. "कांतिभाई बोले, गाडी में होंगी, टाइम नहीं होगा. गुस्सा नहीं था उनको." मग खिडकीकडे बघत तिने विचारलं, "उठाया होता तो क्या बोलते आप?"

खोटं बोलायची इच्छा मला इतकी कधीच झाली नव्हती. "लॉन्ड्रीत बसा म्हणाले असते."

"मैं भी वही बोलती थी," हंसाबेन म्हणाली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

मी अजून एक मोसम केला. ठिपका बंद ठेवून, दोन फोन घेऊन, एकावर रडार आणि एक फक्त उचलायला. त्या मोसमात मी सगळे फोन उचलले, चॅनेलचे, रेडिओचे, मावशीचे. वॉल्टने एका अक्षराने तक्रार केली नाही. पण एका संध्याकाळी कुणाशी तरी बोलता बोलता मी त्याला वळण सांगायला उशीर केला, आमच्यावर लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि पुढची काच तडकली. त्याने गाडी बाजूला घेतली, काचेवरच्या तड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "शुबा, एकाच वेळी दोन्ही होत नाही." मला तेवढं पुरलं. फोन कापणं बरोबर होतं, हे त्या तडकलेल्या काचेने सिद्ध केलं. त्याने मला काडीचंही समाधान मिळालं नाही. पुढच्या वसंतात मी गेले नाही.

वाचणारे विचारतील, मग नक्की चूक कुणाची? चॅनेलची म्हणावी तर त्यांनी दाखवलेला ठिपका खराच होता. नकाशावाल्यांची म्हणावी तर त्याच नकाशाने कितीतरी गावं वाचलीत. माझ्यापुरतं उत्तर मला सापडलंय. मी तिला "कधीही फोन करा" म्हणाले आणि तिचा नंबर घेतला नाही. शब्द दिला, पण तो पाळायची सोय केली नाही.

हंसाबेन आता न्यू जर्सीत मुलाकडे असते. तिकडे टोर्नेडोचं भय जवळजवळ नाही. तरी वारा सुटला की तिचा फोन येतो, कधी महिन्यातून तीनदा, कधी दोन-दोन महिने नाही. "बेन, आज हवा बहुत है. झाड हिलता है. क्या करूं?" मी लगेच रडार उघडते, तिच्या गावावरचे ढग नीट बघते आणि सांगते, "काही नाही, हंसाबेन. नुसता वारा आहे. घरात बसा." ती बरं म्हणते. कांतिभाईंचं नाव आम्ही दोघी काढत नाही.

परवा तिचा फोन आला तेव्हा केतकी समोरच होती. बोलणं संपल्यावर तिने माझा फोन उचलून पाहिला. "आई, यावर नुसता नंबर आहे. इतकी वर्षं बोलताय, नाव तरी घाला! मी सेव्ह करून देऊ का? मग बाकीचे फोन तुम्हाला उचलावे लागणार नाहीत."

मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. तिचं बरोबर आहे, एका मिनिटाचं काम आहे. पण मी ते करणार नाही. हंसाबेनचं नाव एकदा घातलं की अनोळखी फोन पुन्हा नुसते अनोळखी होतील, आणि मी ते कापायला लागेन.